सुपारीएवढा गूळ

उद्धवरावांना या उपद्व्यापातून मिळणार काय होतं, तर सुपारीएवढा गुळाचा खडा. त्यासाठी ते पहाटे लोणारहून सायकलवर निघाले होते, दीडशे किलोमीटरवरच्या सोनाळ्याला, तेही उपाशी. आता मेहकरच्या पुढे एका हॉटेलच्या बाकड्यावर बसून ते बोटाला सुई टोचत होते. उद्धवराव शाळेत कारकून, हिशेबही तसाच: रक्तातली साखर आधी इतकी उतरवायची, की खडा खाल्ला तरी यंत्राला पत्ता लागू नये.

घरून निघताना एकशे बावन्न, इथे एकशे अठरा. स्वारी खूश. हॉटेलवाल्याला त्यांनी उपास आहे म्हणून सांगितलं, तर त्याने साबुदाण्याची उसळ पुढे ठेवली. निरंकार आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि कोणत्या देवाचा ते विचारलं. ‘बहिणीचा’ हा शब्द उद्धवरावांनी पाण्याबरोबर गिळला.

नऊ वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला थोरल्या बहिणीने, जनकाबाईने, उंबऱ्यातच गूळपाणी पुढे केलं होतं. त्याच्या आठच दिवस आधी मधुमेह कळलेले उद्धवराव भरल्या अंगणात म्हणाले, “मले चालत नाही.” बाईने ऐकलं ते वेगळंच: नोकरदार भावाला शेतकरी बहिणीच्या हातचं चालत नाही. नंतर त्यांनी फोनवर आजार समजावून सांगितला. त्यावर बाईचं उत्तर तयार होतं.

“तुले साखरेची बिमारी हाय. गुळाची कुठी हाय? खाशीन तवाच उंबरा चढ.”

त्यांनी फोन ठेवला. तिनेही ठेवला. दोघं एकाच आईची लेकरं.

खामगावात आकडा एकशे एकाहत्तर. पोटात कण नाही, पायांचे तुकडे पडलेले, आणि साखर चढलेली. कारकुनाला हा सरळसरळ घोटाळा वाटला. त्यांनी लोणारच्या मेडिकलवाल्या हर्षलला फोन लावला. यंत्र त्यानेच दिलं होतं. आज गोळी घेऊ नका, ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा, असं बजावलंही त्यानेच होतं.

“काका, लिव्हर साठ्यातली साखर काढून राह्यलं,” तो म्हणाला. “साठा सरला की धाडकन उतरीन. तवा पुडी फोडा. माहं ऐका जरा.”

शेगाव मागे पडलं आणि साठा सरला. ऊन कडक, तरी घाम गार. हँडल थरथरू लागलं. एका लिंबाखाली यंत्राने एकसष्ट दाखवले. उद्धवरावांनी पुडी काढली, उलटीसुलटी पाहिली आणि परत खिशात घातली. पहिलं गोड बाईच्या हातचं, असं ठरलं होतं. ठरवणारे तेच, आणि आता अडकलेलेही तेच. उरलेला रस्ता त्यांनी निम्मा चालत, निम्मा सायकलीवर रेलत काढला.

सोनाळ्याला बाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. उद्धवरावांनी सायकल भिंतीला लावली. ती घसरून पडली, ती त्यांनी उचलली नाही.

“काऊन रे, किती वाळला,” बाई म्हणाली. सूप तिच्या हातातच होतं.

“बाई, गूळ दे.”

सून राखी लगबगीने आत निघाली. बाईने तिला हाताने अडवलं. “थांब, मीच आणतो.”

खडा तिने स्वतः फोडला आणि त्यांच्या तोंडात घातला, लहानपणी घालायची तसा, पार दाढेपर्यंत. उद्धवराव उंबऱ्यावरच बसले. थोड्या वेळाने हातांची थरथर ओसरली. तेव्हा राखी सासूकडे पाहत म्हणाली, “मामाजी, तुमी गेल्यापासून आत्याबाईनं गूळ तोंडाले लावला नाही. चहा बी फिकाच पेते. आमाले वाटे, यायलेबी साखर झाली.”

“गप राय वो,” बाई म्हणाली.

उद्धवरावांनी खिशातलं यंत्र चाचपलं आणि बाहेर काढलं नाही. त्यांचा उपास एका दिवसाचा, त्यातही दर थांब्याला आकडा पाहून घेतलेला. बाईचा नऊ वर्षांचा, आणि तो तिला कोणी मोजूनही दिला नव्हता.

तिच्या बोटांना गूळ चिकटला होता. पुसायला म्हणून तिने हात पदराकडे नेला, मध्येच थांबली, आणि पाठमोरी होऊन एकेक बोट चाटलं.