रंगवलेली शिडी

मित्रांनो, त्या गुरुवारी माझ्या चौदाही पायऱ्या धड होत्या. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे माझ्याविषयी गावात बरेच बोलले गेले आणि मला उत्तर देता आले नाही.

मी मुरुमच्या गुरुलिंग पेंटरांची जुनी शिडी. बाजू सागवानी, पायऱ्या बाभळीच्या, वय छत्तीस वर्षे. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी मला रोजच्यासारखे शाळेच्या पटांगणात आडवे ठेवले. अंगठा ओला करून प्रत्येक पायरीच्या पोटावरून फिरवला. बारीक चीर असली तर ओल तिथे रेघ धरते. मग ब्रशच्या दांड्याने एकेका पायरीवर हलकेच टोला दिला आणि मान तिरकी करून ऐकले. निरोगी बाभूळ टणटणीत वाजते, आतून गेलेली बद्द बोलते. चौदा टोले, चौदा आवाज. घोळका करून बघणाऱ्या मुलांना ते म्हणाले, "बरी हाय म्हणती." मुले हसली.

दिवसभर ते माझ्यावर उभे राहून उंच भिंतीवर अक्षरे लिहीत होते. खाली गफार सुतार मला धरून होते. दुपारी दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. संध्याकाळी गुरुलिंग लेकीला एवढेच म्हणाले, की उद्या डोळे दाखवायला उमरग्याला जायचे आहे, ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेव. लेक शिवकन्या त्याच शाळेत शिक्षिका. वह्या तपासत होती. मान वर न करता ती "हो" म्हणाली.

असा तो दिवस. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. तसा दिवस पुन्हा आला नाही.

मला घडवले ते गफार यांनीच. तेव्हा दोघेही तरुण होते. गुरुलिंग यांना त्यांनी भिंतीशी उभे केले, पाय उचलायला लावला आणि त्या उचललेल्या पायाच्या मापाने माझ्या पायऱ्यांमधले अंतर ठरवले. त्यामुळे दुसरा कोणी चढला की माझ्यावर अडखळायचा. गुरुलिंग मात्र खाली न बघता चढत. मला हाती देताना गफार म्हणाले होते, "गुरुलिंगा, लाकडाला तोंड असतंय. हिला तेल पाज, पण रंग लावू नको. रंग लावला की ही आजारी हाय का बरी, कुणाला कळायचं न्हाय."

गुरुलिंग यांनी ते ऐकले. दर खंडेनवमीला ते मला उन्हात ठेवून जवसाचे तेल चोळत, हळदकुंकू लावत. रंगावर पोट असलेल्या माणसाने छत्तीस वर्षांत माझ्यावर रंगाचा एक हात फिरवला नाही. सांडलेले थेंबसुद्धा ते त्याच दिवशी खरवडून काढत.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. आडत दुकाने, दवाखाने, उसाच्या ट्रॅक्टरची नावे, देवळाच्या कमानी, दर्ग्याची कमान. गावात शिकलेल्या पोरांनी पहिली अक्षरे पुस्तकाआधी गुरुलिंग यांच्या पाट्यांवर वाचली. शिवकन्याही त्यातलीच. पाचवीत असताना ती माझ्या चौथ्या पायरीवर बसून पुस्तके वाचायची आणि वरून वडील तिला अवघड शब्द विचारायचे.

मग छापील फ्लेक्स आले. एका दिवसात पाटी तयार, वर मालकाचा फोटो. मी घरामागच्या पडवीत गेले. माझ्यावर जाडीभरडी चवाळी वाळत, कोंबड्या बसत. तरी खंडेनवमीचे तेल चुकले नाही. पायऱ्या वाजवून झाल्या की ते मला पुन्हा भिंतीला टेकवत आणि थोडा वेळ तिथेच उभे राहत.

गेल्या वर्षी शिवकन्येने एक उपक्रम उभा केला. गावातल्या तीन शाळा, लातूरहून आलेली अर्पिता नावाची चित्रकार आणि बाजारपेठेतली घरे, असे सगळ्यांनी मिळून शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायची. ठरले असे, की प्रत्येक घराने आपली एक वस्तू सांगायची, मुलांनी ती जाऊन बघायची आणि भिंतीवर काढायची. सगळ्या वस्तूंचा मिळून एक आठवडी बाजार. वर मोठ्या अक्षरांत "आमचं मुरुम". ती अक्षरे गुरुलिंग यांनी लिहायची.

पडवीतून मला बाहेर काढताना ते दोनदा थांबले. मला वाटले, आनंदाने. आता वाटते, वयाने.

ते दीड-दोन आठवडे भिंतीसमोर जत्रा असे. कुणी जाते सांगितले, कुणी तबला, एकाने आपली मोटारसायकल सांगितली आणि नंबरासकट हवी म्हणून हटून बसला. गफार यांची बायको चाँदबी हिने चहाची किटली सांगितली होती. चित्र बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही किटली हाय का आमच्या ह्यांचं पोट?" गफार यांनी मुकाट्याने पोट आत घेतले. मुले ब्रश टाकून हसत सुटली. तेराच्या आतबाहेरची निकिता नावाची मुलगी होती, तिने किटली तिथल्या तिथे बारीक करून दिली.

इथवर सगळे बरे होते, मित्रांनो.

शुक्रवारी गुरुलिंग उमरग्याला गेले. रविवारी उद्घाटन. बाजारपेठेच्या समितीचे आण्णासाहेब येऊन बघून गेले. भिंत पाहून खूश झाले, पण जाताना म्हणाले, की पाहुणे येणार, फोटो निघणार, त्यात ही काळी शिडी तेवढी बरी दिसत नाही. मुलांनी ते ऐकले. निकिता शिवकन्येकडे गेली आणि तिने विचारले, "बाई, शिडीपण रंगवू का आम्ही? आजोबांना गंमत."

शिवकन्येला तो नियम ठाऊक होता. लहानपणापासून ऐकलेला. पण वडिलांच्या पुष्कळ सवयी असतात, त्यातलीच ही एक, असे तिला वाटत आले होते. तिने डबे उघडून दिले.

दोन बाकांवर मला आडवे ठेवले. मुलांनी फार मन लावून रंगवले. एक पायरी लाल, एक निळी, अकरावी पिवळी, निकिताची. काम निम्म्यावर आले असताना एका टोकाचे बाक सरकले आणि मी फरशीवर आदळले. अकराव्या पायरीत काहीतरी झाले. केसाएवढे. त्या कालव्यात कुणाला ऐकू गेले नाही. पोरांनी घाबरून मला उचलले, इकडेतिकडे बघितले, मी साबूत दिसले. मग निकिताने पिवळ्याचा दुसरा हात दिला. ओला रंग त्या चिरेत उतरला आणि वरून सगळे गुळगुळीत झाले.

मी ओरडू शकले असते तर, हा विचार मी अजून करते.

संध्याकाळी गुरुलिंग परतले. माझ्याजवळ आले. अंगठा ओला करून एका पायरीवर फिरवला, तो नुसताच घसरला.

"कन्या, शिडीला रंग लावत न्हाईत," ते म्हणाले.

"माहीत आहे आप्पा. पण पोरांनी केवढ्या हौसेनं केलंय."

"हौस हाय, दिसतंय की. पण मला आता हिचं ऐकू येत न्हाय. सकाळी खरवडू का?"

"लेकरांच्या डोळ्यांसमोर खरवडणार तुम्ही? एका दिवसाचा प्रश्न आहे आप्पा. रविवार होऊ द्या, मग काय ते खरवडा."

ते लेकीकडे बघून हसले. "बरं. मास्तरीणबाई म्हणतात तर."

शनिवारी त्यांनी मला पुन्हा आडवे ठेवले आणि दांड्याने टोले दिले. चौदाही पायऱ्यांनी एकच जाड आवाज दिला. निकिताने विचारले, आज काय म्हणते शिडी? "आज समद्या एकाच सुरात बोलायल्यात," ते म्हणाले आणि मला भिंतीला लावले.

गफार यांनी दोन्ही हातांनी माझ्या बाजू धरल्या, एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवला. शेवटचे एकच अक्षर उरले होते. गुरुलिंग खाली न बघता चढले, नेहमीसारखे. दहावी पायरी, मग अकरावी. त्यांनी "म"ची उभी रेघ ओढली आणि आडव्या रेघेसाठी जरा बाजूला झुकले.

अकरावी पायरी मधोमध गेली. खाली ओट्याचा दगड होता.

रस्त्यावरून तेव्हा एक मोटारसायकल गेली होती. गफार यांनी तिकडे मान वळवली, पण हात सोडले नव्हते. ते हात माझ्यावर होते, म्हणून मला माहीत आहे. आणि शिवकन्या फाटकाशी चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिनेही ते पाहिले.

सोलापूरला नेताना नळदुर्ग यायच्या आधीच गुरुलिंग गेले.

माती होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर बाजारात बोलणे सुरू झाले. शिडी गफारची, धरली गफारनेच, मोटारसायकलकडे बघत बसला म्हणे. कुणी तोंडावर बोलत नव्हते. त्यांच्याकडचे दाराचे काम दुसऱ्याकडे गेले, एका लग्नाचा पलंग गेला. चहाच्या टपरीवर ते आले की बाकावरची माणसे उठून कामाला लागत. गफार यांनी कुणालाच काही म्हटले नाही. माणूस गेला तेव्हा शिडी आपल्या हातात होती, एवढेच त्यांना दिसत असावे.

मला शाळेच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. पायरीचे दोन तुकडे शिवकन्येने उचलून आणले होते. तिने ते खिडकीच्या उजेडात धरले. ताज्या मोडीचे लाकूड पांढरे असते. तिथे निम्म्या भागात पांढऱ्याऐवजी पिवळी रेघ होती, आत खोलवर गेलेली. शिकलेली बाई, तिला समजायला वेळ लागला नाही. मग तिने तुकडे माझ्याजवळ ठेवले आणि दार लावून घेतले.

ती का बोलली नाही, हे मी पुष्कळ दिवस समजून घेत होते. बोलावे तर पिवळ्या रंगाचे नाव घ्यावे लागणार, आणि तेरा वर्षांच्या मुलीने ते आयुष्यभर कसे वागवायचे? हे कारण खरे होते. पण त्याच्याखाली आणखी एक कारण होते, आणि त्याचा मुलांशी संबंध नव्हता. ती रोज वर्गावर जाताना त्या खोलीवरून जाई. दाराशी पाऊल मंदावे. आत मात्र पुन्हा आली नाही.

एकदा चाँदबी शाळेत आली. व्हरांड्यात दोघी बोलल्या, ते मला आतून ऐकू आले. चाँदबीचा आवाज तोच, पण त्यातली थट्टा गेली होती. "बेटी, ह्यांनी हत्याराला हात लावणं सोडलंय. दिवसभर आपलेच पंजे बघत बसतात. तू एकदा येऊन जा." शिवकन्या येते म्हणाली. गेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी शिडी असेल. नुसती सुंदर दिसावी म्हणून तिला झाकू नका. चढण्याआधी तिला वाजवा आणि काय म्हणते ते ऐका. वाजवून बघणारे माणूस घरात असेल, तर त्याला एका दिवसासाठीही थांबवू नका. मी एवढेच सांगू शकते. बाकीचे माणसांनी एकमेकांना सांगायचे असते.

दीड महिन्याने उरलेले अक्षर पुरे करायला अर्पिता परत आली. तीनही शाळांची मुले, बाजारपेठेतली माणसे पटांगणात जमली. आण्णासाहेब म्हणाले, अशी वस्तू शाळेच्या आवारात नको, ती फोडून टाका. वाईट मनाने म्हणाले नाहीत. दोन माणसांनी मला उन्हात आणले, मोडकी पायरी माझ्या अंगावर ठेवली.

तेवढ्यात गफार आले. कुणी बोलावले नव्हते. हातात कुऱ्हाड होती. दीड महिन्यांत खांदे पुढे आले होते. "म्या केलेली हाय," ते म्हणाले. "म्याच फोडतो."

ते माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले. पायरीचा तुकडा सहज हाती घेतला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उजेडाकडे वळवला. त्या पिवळ्या रेघेवरून नख फिरवले. जन्मभर लाकूड वाचलेला माणूस. त्यांनी हळूच मान वर करून मुलांकडे पाहिले.

निकिता पुढेच उभी होती. ओठ पांढरे पडलेले. तिने विचारले, "चाचा, आमच्या रंगामुळं झालं का?"

गफार यांनी तुकडा उलटा करून मांडीखाली सरकवला.

"न्हाय बेटा. रंगानं काय व्हतंय? माझा हात सुटला."

आण्णासाहेबांनी मान डोलावली, जणू इतके दिवस अडलेले काहीतरी मिटले. गफार यांनी कुऱ्हाड उचलली.

शिवकन्या माणसांतून पुढे आली आणि माझ्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये उभी राहिली. वर्गात बोलते त्याच आवाजात बोलली, फक्त मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत.

"चाचांचा हात सुटला नव्हता. मी फाटकाशी होते, मी बघितलं. दोन्ही हात शिडीवर होते." मग ती निकिताकडे वळली. "तू मला विचारून रंग लावलास. विचारलं ते बरोबर केलंस. नको म्हणायचं काम माझं होतं, कारण मला माहीत होतं आणि तुला नव्हतं. आप्पा त्या संध्याकाळी म्हणाले, सकाळी खरवडू का. मी नको म्हटलं. मला फोटो चांगला यायला हवा होता. चाचा, आप्पांना माझ्या शब्दानं मारलं, आणि दीड महिना मी ते तुमच्या हातांवर राहू दिलं."