मधल्या भिंतीवरचा टाक

विश्वजीतदादांनी मांडवगण फराट्याच्या मळ्यातल्या पोल्ट्रीच्या शेडला एसी बसवला, तेव्हा गावाला वाटलं, आता कोंबड्या गारठून मरणार. पण दादांनी कोंबड्या विकून आत चित्रं लावली. डावीकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या नामांकित चित्रकारांची, उजवीकडे आजच्या पोरापोरींची. मधली भिंत मात्र रिकामी. "जुनं आणि नवं जोडणारं काहीतरी इथं पाहिजे," असं ते येईल त्याला सांगत. मी तिथं झाडलोट करते आणि पाहुण्यांना माहिती सांगते. बीए झालेय, तोंड चालतं. सासरी त्याचंच कौतुक आणि त्याचाच जाच.

डावीकडच्या एका चित्रात भीमेकाठी कोकरू उचललेली मुलगी होती. मुलगी निळी, कोकरू हिरवं. ती मुलगी म्हणजे माझी सासू, गिताबाई. मी त्यांना आत्या म्हणते. मुंबईच्या एका माणसानं चित्र काढून हातावर गूळ ठेवल्याची गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली होती. ती मीच फुशारकीनं दादांना सांगितली आणि नसती आफत ओढवून घेतली.

दादांनी मधल्या भिंतीसाठी पुण्याहून प्राचीताई नावाच्या कलाकार बाईंना आणलं. त्यांनी आमचं देवघर पाहिलं. खंडोबा, बिरोबा आणि घरातली गेलेली माणसं, सगळी चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली. त्यांना टाक म्हणतात. माणूस गेलं की त्याचा टाक करायचा, देवांत बसवायचा, नैवेद्य दाखवायचा. प्राचीताई हरखल्या आणि आत्यांचा फोटो घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "हर्षदा, यवतचा सोनार विचारतोय, बाई कधी गेल्या? जिवंत माणसाचाही टाक करतात ना गं?"

करत नाहीत. मला पक्कं माहीत होतं. पण नाही म्हटलं असतं तर ती भिंत दुसऱ्या कुणाची झाली असती. आमच्या घरचं माणूस तिथं असावं, अशी मला हावच सुटली होती.

"करतात की," मी म्हणाले.

उद्घाटनाला आत्या नवं हिरवं लुगडं नेसून आल्या. चित्रातलं कोकरू बघून हसल्या. "हिरवं कुठलं? पांढरंफेक होतं माझं कोकरू." मग मधल्या भिंतीपाशी गेल्या. तिथं चांदीत त्यांचं नाक, त्यांच्या सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण. दादांनी फोटोसाठी हात जोडले, म्हणून पाहुण्यांनीही जोडले. आत्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि माझ्याकडं वळल्या.

"कवा गेले गं मी?"

"काय म्हणाल्या?" प्राचीताईंनी लांबून विचारलं.

"आवडलं म्हणतायत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आत्या मला डबा देऊ लागल्या. टाक उपाशी ठेवायचा नसतो. मी शेड उघडून टाकापुढं भाकरी ठेवायची, घरी फोन करायचा, मग त्या जेवणार. पाहुणे भाकरीचे फोटो काढायचे. पुढंपुढं आत्यांनी निम्मीच भाकरी खाल्ली, मग चतकोर. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. नवरा, मल्हार, माझ्याशी बोलेना. मी दादांना म्हटलं, टाक उतरवा. ते म्हणाले, "अगं, सगळं कलेक्शन त्याच्यावर उभं आहे!"

आज सकाळी मला राहवलं नाही. चुलीपुढं बसून आत्यांचे पाय धरले. "आत्या, मला ठाव होतं. जित्या माणसाचा टाक करत न्हाईत. मी खोटं बोलले."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"ठाव हाय. तुमच्या सुनंला इचारूनच केलाय, आसं त्या बाईनं तवाच सांगितलं. घरच्या लक्षुमीनं व्हय म्हणलं, सोनारानं घडवला, चार माणसांनी हात जोडलं. आता मागं कसं फिरायचं?"

आत्या उठल्या. डब्यात आख्खी भाकरी भरली, घेवड्याची भाजी भरली. भाकरी एकच थापली होती. त्यांचं ताट भिंतीशी पालथंच होतं.

डब्याचं झाकण दाबून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"नीघ आता," त्या म्हणाल्या. "ती उपाशी हाय."