चंपतरावांचा रबरी रस्ता

विश्वनाथ देवतळे मौद्याच्या रस्त्यावरच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवत. काळ्या मातीत सिमेंट कालवलं की ती कडक होते, पण उन्हाळ्यात तडकते. जुन्या टायरांचा थोडासा भुगा घातला, तर तडा गेला तरी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. एवढी साधी गोष्ट ते दोन वर्षं तपासत होते आणि बाकीचे मास्तर त्यांना 'टायरवाले' म्हणून हसत होते.

मग ते संस्थेचे अध्यक्ष चंपतराव यांच्या कानावर गेलं. चंपतरावांचे ट्रक खापरखेड्याच्या वीजकेंद्राला कोळसा वाहत आणि गांधीबागेत त्यांच्या गोदामामागे फाटक्या टायरांचा ढीग पडला होता. डासांवरून शेजारी रोज भांडत. चंपतरावांना एकाएकी विज्ञानाचा उमाळा आला.

"मास्तर, फाटकापासून हापिसापर्यंत तुमच्याच पद्धतीचा रस्ता करू. पण शंभरात पाच भाग रबर काय टाकून राहिले जी? चाळीस टाका! जितकं रबर तितकी मजबुती."

"चाळीस टाकलं तर..."

"तर काय?"

"नाही. पाहू," विश्वनाथ म्हणाले.

घरी बायको कौशल्या भडकली. "त्या माणसानं माती पाहिली ते फक्त जोड्याले लागली तेव्हा. त्याले तुम्ही 'पाहू' म्हणून आले? काहून?"

"अध्यक्ष आहेत ते."

"मंग माती त्याइचं ऐकन का?"

रस्ता झाला. उद्घाटनाला चंपतरावांनी गळ्यात हार घालून रस्त्यावर उड्या मारल्या. "पाहा, गादी आहे गादी!" प्राचार्यांनीही एक उडी मारली. टाळ्या पडल्या. विश्वनाथांनीही वाजवल्या.

श्रावणात पाण्याचा टँकर आत आला आणि चाकं रुतली. दोन्ही बाजूंनी रस्ता फुगून वर आला. टँकर ओढायला चंपतरावांचाच ट्रक आणावा लागला. तोही फसला.

सभेत चंपतराव हळहळले. "मी साधा धंदेवाला माणूस. मास्तरच्या डिगरीवर भरवसा ठेवला. रबरानं कुठं माती सांभाळली आहे का?" टाळ्या वाजवणारेच आता खो-खो हसले.

विश्वनाथ उठले. ते माफी मागणार म्हणून प्राचार्यांनी आधीच मान हलवून ठेवली.

"रबर माझं होतं, चाळीस तुमचं. हे खचणार, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी भित्रा, म्हणून गप्प बसलो. तुम्हाला मात्र भीतीचंही कारण नव्हतं, अध्यक्षसाहेब. तुम्ही निव्वळ मूर्ख आहात."

संध्याकाळी ते नोकरी सोडून घरी आले. कौशल्येनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं चाळीस म्हटलं त्याच दिवशी बोलले असते, तर रस्ता तरी वाचला असता," ती म्हणाली. ताट वाढता वाढता तिचा हात थांबला. "मूर्ख म्हटलं? तोंडावर?"

"तोंडावर."

"अन् प्राचार्याचं तोंड कसं झालं होतं? नीट सांगा, पहिल्यापासून."