ऑनलाइन तोंडी आणि आमची अव्वा

आधीच सांगतो, मला गणितातलं काय कळत न्हाय. राजारामपुरीत माझं भांड्यांचं दुकान हाय, वर घर. कुठला कुकर किती वर्षं टिकंल ते विचारा, डोळे झाकून सांगतो. पण आमच्या रक्षिताच्या परीक्षेत आमची जी शोभा झाली, ती लोक तिखटमीठ लावून सांगत्यात. म्हणून एकदाचं खरं काय ते मीच सांगतो.

दोन हजार आठ सालची गोष्ट. रक्षिता दहावीत. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला बेंगलोरच्या एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स लावून दिला. कॉलेजातलं गणित, शाळेतल्या पोरांना, कॉम्प्युटरवरनं. मी म्हटलं, "अगं, दहावीचं संपलं काय, की पुढचं उकरायला लागलीस?" तर म्हणती, "बाबा, ते दिवाळीतच संपलं की." मग काय! ब्रॉडबँड घेतलं, कॅमेरा घेतला, आणि आठवड्यातनं तीनदा ती पडद्यासमोर बसून कागदावर बिंदू आणि रेषा काढाय लागली. आकडा एक न्हाय! मला वाटायचं, गणिताच्या नावाखाली रांगोळी शिकवत्यात.

मग एप्रिलात पत्र आलं. कोर्सच्या शेवटी तोंडी परीक्षा, तीपण पडद्यावरच. पास झाली तर अकरावी-बारावी बेंगलोरला, राहणं, खाणं, शिकणं सगळं संस्थेचं. परीक्षा एकदाच. काही कारणानं बुडाली तर विषय संपला, कारण पुढच्या वर्षी ती दहावीत नसणार. पोरगी आठ दिवस जेवताना पण पुटपुटत होती. मी तोंडानं "शाब्बास, शाब्बास" म्हणत होतो, पण मनातनं दिवस मोजत होतो. एकुलती एक पोर. ती गेली की घरात मी, बायको आणि म्हातारी आई. संध्याकाळी दुकान बंद करून वर यायचं ते कुणासाठी? खोटं कशाला बोलू, ही पोरगी जाऊ नये असंच मला वाटत होतं.

परीक्षेचे नियम कडक. खोलीचं दार बंद. पोरीच्या मागं घरातला एकच मोठा माणूस, कॅमेऱ्यात दिसंल असा बसायचा. हात मांडीवर, तोंड बंद. मी नवा शर्ट घालून बसलो. लाइट जायची वेळ नव्हती, ते आधीच बघून घेतलं होतं. राहिली अव्वा. अव्वा म्हंजे माझी आई, बसम्मा. माहेर संकेश्वर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि पंच्याहत्तरीतबी कान असले की खाली दुकानात चमचा पडला तर वर सांगती, कुठला पडला. तिला बाहेर धरून ठेवायची ड्यूटी बायकोवर दिली.

अकरा वाजता सर पडद्यावर आले. सोमशेखर सर. चाळिशीचे, कपाळाला भस्म, मराठी चांगलं बोलायचे. मी हात जोडले. सर काय हलंनात. मला वाटलं, माणूस तापट दिसतोय, म्हणून परत जोडले. तेव्हा रक्षिता दात आवळून म्हणाली, "बाबा, चित्र अडकलंय. हात खाली."

चित्र सुटलं, प्रश्न सुरू झाले, पोरगी फाडफाड उत्तरं द्यायला लागली. वीस मिनिटं झाली असतील. परत चित्र अडकलं, आणि तिकडनं सरांचा नुसता आवाज आला, "अय्यो शिवने!"

झालं! बायको नेमकी दूध उतू चाललं म्हणून आत गेलती. दार उघडलं आणि अव्वा हजर. "कन्नड बोलणारं कोण आलंय घरात, आणि मला सांगितलं न्हाय?" मी तोंड बंद ठेवून डोळ्यांनी तिला हाकलत होतो. ती सरळ पडद्यापुढं गेली, वाकून बघितलं आणि विचारलं, "याव ऊर, तम्मा?" म्हंजे, गाव कुठलं रं बाळा?

आता सर गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण तिकडच्या माणसाला म्हातारीनं गाव विचारलं आणि त्यानं सांगितलं न्हाय, असं होतच न्हाय. सर म्हणाले, "हुक्केरी, अज्जी."

"हुक्केरीत कुणाचा?"

त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं. अव्वानं आज्जीचं विचारलं. त्यांनी तेबी सांगितलं. अव्वानं टाळीच वाजवली. "अरं, तुझी आज्जी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीची सख्खी नणंद! तुझ्या बारशाला मी आल्ते की! टोपडं मीच शिवल्यालं तुझं, हिरवं!"

तेवढ्यात चित्र सुटलं. सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्यांनी चष्मा काढला. "रक्षिता, मी लिहून दिलंय की विद्यार्थी माझ्या नात्यातला नाही. आता मला ही परीक्षा घेता येणार नाही. आणि दुसरे परीक्षक आता नाहीत."

रक्षिताची पाठ तेवढी मला दिसत होती, ताठ. आणि मी? मला आधी हायसं वाटलं. पोर राहिली म्हटलं घरात! आणि मग तिचे कान लालभडक झालेले दिसले आणि माझी मलाच लाज वाटली. वर्षभर ह्या पोरीनं टीव्ही बघितला न्हाय, लग्नाला गेली न्हाय, आणि मी इथं बसून खूश होतोय.

मी उठलोच. "सर, ते नातं आम्ही मानत न्हाय!"

"मानत न्हाईस?" अव्वा माझ्यावर उलटली. "माझ्या बहिणीला मानत न्हाईस?"

"त्यांच्या घरच्या एका लग्नात पुरणाची होळगी कमी पडली, तवापासनं आपलं त्यांचं भांडणच हाय! वीस वर्षं येणंजाणं न्हाय!"

"मग तर मुळीच नाही घेता येणार," सर म्हणाले. "भांडण असलं तरी परीक्षक बदलावा लागतो."

मी कपाळावर हात मारला.

"सर," रक्षिता म्हणाली. आवाज बारीक, पण थरथरत नव्हता. "अज्जीचं नातं धरायचं झालं तर मग माझी परीक्षा कोण घेऊ शकंल? एक नाव सांगा."

सर विचारात पडले. "आमचे मुख्य सर आज इथं असते तर घेऊ शकले असते. ते विजापूरचे."

"विजापुरात कुणाचे?" अव्वानं लगेच विचारलं.

"बघा," रक्षिता म्हणाली. तिनं कागद ओढला, बिंदू काढले, रेषा काढल्या आणि कागद कॅमेऱ्यापुढं धरला. "माणूस म्हंजे बिंदू, नातं म्हंजे रेषा. अज्जीला विचारलं तर ह्यात कुणीच सुटा बिंदू राहत नाही. मग कुणालाच कुणाची परीक्षा घेता येणार नाही. नियम करणाऱ्यांना असं नक्कीच नको होतं. म्हणून किती रेषांपर्यंत नातं धरायचं, ते नियमात असणारच. वाचा ना सर."

सरांनी कागद काढून वाचला. आईवडील, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी आणि त्यांची मुलं.

"म्हंजे जास्तीत जास्त तीन रेषा. आता आपलं मोजा. मी, बाबा, अज्जी, तिची बहीण, बहिणीचा नवरा, त्याची बहीण, तिचा मुलगा, तुम्ही. सात!"

सर कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, परत चित्र अडकलं. मग ते हसले आणि त्यांनी विजापूरच्या सरांना फोन लावला. पाच मिनिटं कन्नडमधनं बोलणं झालं. अव्वा सगळं ऐकत होती आणि मला एक शब्द सांगंना. शेवटी सर म्हणाले, "मुख्य सर फोनवर ऐकत बसतील, मार्क तेच देतील. आणि ते म्हणतात, आता जे सांगितलंस ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर धरा."

मी अव्वाला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा दिला. परीक्षा पुरी झाली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पास! अव्वानं गल्लीभर पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की परीक्षा आपल्यातल्याच माणसानं घेतली. मी मात्र प्रवेशाचा फॉर्म तीन दिवस दुकानात गल्ल्याखाली ठेवला. सही करायची म्हटलं की गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाईक नसलं की पेन सापडायचं न्हाय.

चौथ्या दिवशी रक्षिता खाली आली, फॉर्म काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"बाबा, पडद्यावर कोपऱ्यात आपलं पण बारकं चित्र दिसतं. तुम्ही माझ्या मागं होता. सर नाही म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात."

मी पातेल्यांची चळत नीट लावायला लागलो.

"मी बघितलं," ती म्हणाली. "आणि लगेच उठून भांडलात, ते पण बघितलं."

"माझं चुकलं, बाळा," मी म्हटलं. "तू जाऊ नयेस असं वाटतंय मला. आजबी वाटतंय."

"मला माहिती हाय," ती म्हणाली, आणि खिशातनं स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं.