साठ पौंडांची मरियम

चाळीस वर्षांच्या संसारात सिमाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही मला धड आणता आली नाही.

२००४ साल, लंडन. सिमाचा आजार शेवटाला आला होता. आमच्या लेकीने, अदीनाने, क्रॉयडनच्या एका लिलावाचा कॅटलॉग आणला. त्यात येशूच्या आईचं, मरियमचं चित्र होतं. मांडीवर बाळ, डोळ्यांखाली काळं. पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या, चित्राची नक्कल, शंभरेक वर्षांमागे कुणीतरी केलेली. अंदाजे किंमत एकशेवीस पौंड.

"मुंबईला आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात अशीच नक्कल होती," सिमा म्हणाली. ती तिथे नर्स होती. "ड्यूटीवर दमले की मी हिच्याकडे बघायची. पलंगासमोर लावा ना."

"आपल्या ज्यूंच्या, बेने इस्राएलांच्या घरात मरियम?"

"अहो, ती तरी कोण होती? आपल्यातलीच ना!"

मी कॅटलॉग खिशात घातला.

लिलाव शनिवारी. आमच्या विश्रांतीच्या त्या दिवशी, शब्बाथला, मी ना गाडीत बसतो, ना पैशाला हात लावतो. म्हणून शुक्रवारीच जाऊन बोलीचा फॉर्म भरून दिला. खिशात तीनशे होते. पण मी अर्धा जन्म मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात घासाघीस केलेला माणूस. निम्म्यावर सुरू करायचं, मग चढायचं. साठ लिहिले. कुणी वर गेलं तर आपल्याला विचारतीलच की! मोठा शहाणा मी, खुशीत घरी आलो.

सोमवारी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सत्तरला गेलं. फॉर्मवरचा आकडा ही तुमची शेवटची बोली. त्यापुढे आम्ही विचारत नाही."

सत्तर! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी सिमा दाराकडे डोळे लावून बसलेली. खरं सांगायला जीभ रेटेना. "हजाराला गेलं गं," मी म्हणालो. "मी नऊशे लिहिले होते."

"नऊशे? वेड लागलंय तुम्हाला!" ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली.

मग काय! नर्स, शेजारीण, सिनेगॉगची मंडळी, जो येईल त्याला ती तेच सांगायची. "आमचे हे कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडतात. पण माझ्यासाठी नऊशे लिहून आले!" मी खाली मान घालून चहा ओतायचो.

शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला. "चित्राचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही कमी केलं नाहीत."

समोरची भिंत रिकामीच होती. मी "हो" म्हणालो.