कोंडलेला श्वास

मी एक जुना ट्रॅक्टर आहे, हे माझ्याकडे पाहून कुणालाच खरं वाटत नाही. अंगावर लालभडक रंग आहे, दिवे चकचकीत आहेत. पण मित्रांनो, माझं वय एकतीस वर्षं आहे, आणि हा रंग मला फार महागात पडला होता. तीच हकिगत मी सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर माणसांनी मला तपासलं, पळवलं, थांबवलं आणि पास केलं. मग एका शेतकऱ्याने मला घरी आणलं. त्याला दोन मुलगे. थोरला तेव्हा कॉलेजात होता, धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. बाप दोघांना सांगायचा, "याला यंत्र म्हणू नका रे, हा घरातला तिसरा भाऊ." मी नांगरलं, पेरणी केली, बटाट्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॉली ओढली. लोक म्हणायचे, "काय दणकट गडी आहे!" मला बरं वाटायचं.

बाप गेल्यावर कारभार थोरल्याकडे आला आणि स्टिअरिंग धाकट्याकडे. थोरला शिस्तीचा माणूस, एक घाव दोन तुकडे. धाकटा हसरा, गप्पिष्ट, कानाला सदा फोन. एका उन्हाळ्यात थोरल्याच्या मनात आलं, की मला नव्यासारखं करायचं. सुट्टीचे चार दिवस त्याने माझ्यावर घालवले. गंज घासला, दिव्यांवर कागद चिकटवला आणि स्वतःच्या हाताने रंग फवारला. इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता.

महिनाभरात माझ्या उजव्या मागच्या चाकाच्या आतून तेल पाझरायला लागलं. चौकातल्या मेकॅनिकने आत तेल अडवणारं नवं रबरी सील बसवलं. पंधरा दिवसांनी चाकावर पुन्हा काळा डाग.

"दादा, सील बदलूनही गळतंय," धाकटा म्हणाला. "आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते."

"जुनी गाडी आहे, थोडं गळणारच," थोरला म्हणाला. त्याने उजवा ब्रेक थोडा आवळून दिला आणि मग रोज सकाळी तो डाग फडक्याने पुसायला लागला. रंग खराब होऊ नये म्हणून.

मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

मग तो दिवस आला. ट्रॉलीत बटाटे भरलेले. घराकडे येणारा उतार लागला. आमच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात; ते एकदम लागावेत म्हणून धाकट्याने दोन्ही खटक्याने जोडलेले होते, चूक काहीच नव्हती. त्याने पाय दाबला. डावं चाक जागच्या जागी धरलं गेलं, उजवं मात्र लोण्यावरून घसरावं तसं फिरतच राहिलं. मागून ट्रॉलीने ढकललं आणि मी डावीकडे वळून थेट पंपाच्या खोलीच्या भिंतीवर आदळलो. त्या भिंतीशी थोरल्याची बायको भांडी घासत होती. राख संपली म्हणून ती नुकतीच उठून घरात गेली होती. भांडी माझ्या चाकाखाली चेपली. धाकट्याचं मनगट मोडलं.

थोरला धावत आला. आधी त्याने बायकोला पाहिलं, मग चेपलेलं पातेलं पाहिलं, आणि त्याचा तोल सुटला.

"फोनवर बोलत असशील!"

"फोन खिशात होता, दादा. ब्रेकच लागला नाही."

"मी स्वतःच्या हाताने ब्रेक आवळलाय! आज हिचा जीव गेला असता. यापुढे ट्रॅक्टरला हात लावायचा नाही."

त्याने किल्ली काढून घेतली. त्यानंतर दोघे भाऊ एका घरात राहत होते, एका ताटलीतली भाकरी उचलत होते, पण एकमेकांशी शब्द बोलत नव्हते. धाकटा हसायचा बंद झाला. मला तर थोरला विकायलाच निघाला होता.

हे कोडं सोडवायचं वहिनीने मनावर घेतलं. थोरल्याच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत. तिने नवऱ्याला न विचारता फिटर मावशीला बोलावलं. फिटर मावशीचं नावच ते पडलं होतं. आपल्या मेकॅनिक बापाच्या हाताखाली पाने-पकडी उचलता उचलता ती असली कारागीर झाली, की इतरांनी हात टेकलेली यंत्रं तिच्याकडे यायची. साठीची बाई, डोळ्यांवर जाड चष्मा, कमरेला फडकं.

"विकायचाच असेल तर आधी रोग कळू दे," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "दुसऱ्याच्या दारात जाऊन कुणाचा जीव घेतला म्हणजे?"

थोरला दाराला टेकून उभा राहिला. धाकटा गळ्यात अडकवलेला हात सांभाळत दुसऱ्या टोकाला.

मावशीने मला सपाट शेतात अगदी सावकाश चालवलं आणि ब्रेक दाबला. मग खाली उतरून मातीकडे बोट दाखवलं. डाव्या चाकाने जमीन खरवडली होती. उजवीकडे नुसता चाकाचा ठसा.

"बघा. जमीन कुणाची बाजू घेत नाही," ती म्हणाली. "उजवा ब्रेक नावालाच आहे."

चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम उघडला. आतला चाक घासून धरणारा ब्रेकचा पट्टा तेलाने चिंब. मावशीने बोटावर तेल घेऊन वास घेतला. "गिअरचं तेल. सील ओलांडून आलंय. तेल प्यायलेला पट्टा आवळून काय उपयोग? रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

थोरला पहिल्यांदा बोलला. "पण सील तर नवं घातलं होतं!"

"तेच मला छळतंय. नव्या सीलने पंधरा दिवसांत का रडावं?"

तिने माझं पोट डिझेलने धुऊन कोरडं केलं आणि वहिनीकडे पावडरचा डबा मागितला. "तोंडाला लावायची?" वहिनीने विचारलं. "हो, पण माझ्या तोंडाला नव्हे. आता या वयात काय उजेड पडणार!" सगळीकडे पावडर शिंपडून, चाक परत बसवून तिने मला शेतात अर्धा तास राबवलं. उजवीकडची पावडर भिजली. डावीकडेही सीलपाशी बारीक ओल धरली होती.

"दोन्हीकडून. म्हणजे आतूनच कुणीतरी ढकलतंय."

ती माझ्या पाठीवर चढली. गिअरच्या पेटीवर एक लहानशी टोपी असते, तिला भोक असतं. काम करताना तेल तापतं, आतली हवा फुगते, ती या भोकातून बाहेर जाते. तो माझा श्वास. मावशीने पाना लावून टोपी थोडी सैल केली. फुस्स! हवा अशी सुटली, की वहिनी दोन पावलं मागे सरली. मला किती महिन्यांनी मोकळं वाटलं म्हणून सांगू!

मावशीने टोपी उन्हात धरली. भोक दिसत नव्हतं. त्यावर लाल रंगाचा जाड थर होता. आत कोंडलेली हवाच तेलाला सीलबाहेर ढकलत होती.

"रंग कुणी दिला?"

धाकट्याला ठाऊक होतं, तरी तो जमिनीकडे बघत राहिला.

"मी," थोरला म्हणाला. "मीच दिला. दिवे झाकले, पण हे... हे मला माहीतच नव्हतं." तो भावाजवळ गेला. "तू सांगत होतास. मी नको ते बोललो तुला."

धाकटा म्हणाला, "हात मोडला त्याचं काही नाही, दादा. पण मी खोटं बोललो असं तुला वाटलं."

वहिनीने पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला आत गेली.

मावशीने टोपी साफ केली, दोन्ही सीलं आणि दोन्ही बाजूंचे पट्टे नवे बसवले. तेलकट पट्टा धुऊन पुन्हा वापरायचा नसतो, हेही तिने बजावलं. आता त्या उतारावर परीक्षा घ्यायची होती. मावशी चढणार इतक्यात थोरला म्हणाला, "मीच उतरवतो. काही व्हायचं असेल तर माझं होऊ दे. खाली कुणी थांबू नका."

ट्रॉली न जोडता आम्ही निघालो. उताराच्या मध्यावर त्याने पाय दाबला. मी सरळ रेषेत थांबलो, वीतभरही इकडेतिकडे नाही. समोर पाहतो तर धाकटा पंपाच्या भिंतीपाशी उभा.

"बाजूला हो म्हटलं होतं ना!" थोरला ओरडला.

"तू चालवतोयस म्हटल्यावर कशाला बाजूला होऊ?" धाकटा म्हणाला, आणि हसला.

मित्रांनो, थोरल्याचं माझ्यावर प्रेम होतं, यात तिळमात्र शंका नाही. पण प्रेमाने पुसलेला डागही डागच राहतो. यंत्र गळू लागलं, ओढू लागलं, तर ते कुठून आणि का, ते शोधा. ब्रेक बिघडलेलं वाहन एक दिवसही रस्त्यावर आणू नका. आणि ते चालवणारा माणूस काही सांगत असेल, तर हातातलं फडकं बाजूला ठेवून आधी त्याचं ऐका. आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आमच्या वतीने बोलणारा तोच एक असतो.