ज्ञानेश्वरीला नगरला नेणारी गाडी

मी एक जुनी स्कूटी आहे. माझा एकच आरसा उरला आहे, सीट दोरीने बांधली आहे आणि चढ आला की माझा आवाज ट्रॅक्टरसारखा होतो. तरीही मित्रांनो, मला भंगारात जायचे नाही. मला अजून काम आहे.

पारनेरजवळच्या एका वाडीतल्या बन्सीभाऊंनी मला त्यांच्या मुलीसाठी घेतले. राजनंदिनी बारावीला कॉलेजात पहिली आली होती. शोरूममध्ये माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला गेला. ती रोज माझ्यावरून कॉलेजला जायची आणि वाटेत भौतिकशास्त्रातली गणिते मोठ्याने सोडवायची. लोक म्हणायचे, "पोरगी लई हुशार, पन जरा आगाऊच हाय." दुसऱ्या वर्षाला तिचे लग्न झाले आणि कॉलेज सुटले. मी तिच्याबरोबर सासरी आले आणि गोठ्याच्या कडेला उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. पुढे कितीतरी वर्षे मला कोणी चालू केले नाही.

त्या वर्षांत माझी सोबत केली ती तिच्या मुलीने. ज्ञानेश्वरी कोंबड्यांना हाकलून माझ्यावर बसायची आणि वाचायची. चौथीत असताना ती आठवीचे विज्ञान वाचत होती. पण पाचवीत गेल्यावर रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. शाळेची वेळ झाली की ती माझे हँडल घट्ट धरून ठेवायची. एके दिवशी मी पाहिले, तिने आपल्या एका भुवईचे सगळे केस उपटून काढले होते.

राजनंदिनी घाबरली. गावातल्या डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. शाळेतले सर म्हणाले, "पहिली येते, अजून काय पाहिजे? स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसवा." नवरा सुनील म्हणाला, "नगरला मनाच्या डॉक्टरकडं नेलं तर लोक पोरीला येडी म्हनतील. काय गरज न्हाई."

"लोक मला आगाऊ म्हणायचे," राजनंदिनी म्हणाली. "मी ऐकून घेतलं. हिला ऐकू देणार न्हाई."

त्याच दुपारी तिने मला गोठ्यातून ओढत बाहेर काढले आणि मेकॅनिककडे नेले. दोन दिवसांनी आम्ही तिघी निघालो. सुपे मागे पडले, कामरगावच्या चढाला मी दोनदा बंद पडले, पण पोहोचलो.

नगरमध्येही लगेच दार उघडले नाही. पहिल्या दवाखान्यात 'पोरीचा मोबाईल बंद करा' एवढेच सांगितले. दुसऱ्या ठिकाणी हसून म्हणाले, "हुशार आहे हो, लाडावलीय." परतीच्या वाटेवर ज्ञानेश्वरी आईच्या पाठीला डोके टेकून म्हणाली, "आई, आता नको जायला." राजनंदिनीने मला रस्त्याच्या कडेला घेतले. "सापडेपर्यंत जायचं," ती म्हणाली. मग तिने मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला, आणि तिथून जिल्हा रुग्णालयात बसणाऱ्या समुपदेशक नीलांबरीताईंचे नाव मिळाले.

त्यांची खोली तळमजल्यावर होती आणि मी खिडकीखालीच उभी होते. ताईंनी गुण विचारले नाहीत. त्यांनी विचारले, "शाळेत सगळ्यात अवघड काय वाटतं तुला?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "थांबणं. सर म्हणतात थांब, मुली म्हणतात थांब. मी रोज दिवसभर थांबते. आणि एकदा चुकले तर सगळे हसतात, म्हणून चुकायची पण भीती वाटते."

"याला लाडावणं म्हणत नाहीत," ताई म्हणाल्या. "हुशार मुलांनाही दुखतं. त्यांचं दुखणं लवकर कळत नाही, एवढंच." मग त्यांनी आईकडे वळून विचारले, "आणि तुम्ही? कॉलेज सुटलं असं कागदावर लिहिलंय. किती वर्षं थांबलात?"

राजनंदिनी रडली. कॉलेज सुटले त्या दिवशी ती रडली नव्हती, मला माहीत आहे.

मित्रांनो, एका भेटीत सगळे बरे झाले असे मी सांगणार नाही. आम्ही दर दुसऱ्या शनिवारी जात राहिलो. महिनाभराने राजनंदिनी ताईंचे पत्र घेऊन शाळेत गेली. ज्ञानेश्वरीला गणिताच्या तासाला सातवीत बसू द्यावे, आणि पहिल्या नंबरासाठी तिच्या मागे लागू नये, असे त्यात होते. मी फाटकाशी उभी होते. सर म्हणाले, "नियमात बसत नाही. शिवाय शाळेचं नाव तिच्यावरच आहे."

"माझी मुलगी तुमच्या फळ्यावरचं नाव न्हाई, सर," राजनंदिनीचा आवाज बाहेरपर्यंत आला. "नियम काढून दाखवा. तोपर्यंत मी इथंच बसते."

ती व्हरांड्यात बसली. मधली सुट्टी झाली, शाळा सुटायची वेळ आली. नियम काही सापडला नाही, आणि शेवटी सरांनी होकार दिला. सोमवारी गणिताच्या तासाला ज्ञानेश्वरी सातवीत जाऊन बसली, आणि पहिल्याच गणितात चुकली. घरी येऊन तिने ते हसत सांगितले. तिची भुवई आता उगवते आहे. कधी कधी पोट अजून दुखते. राजनंदिनीने बी.एस्सी.साठी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला आहे, आणि ताईंशी ती स्वतःसाठीही बोलते.

परवा शेजारच्या दगडाबाई आल्या. इकडेतिकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "माझी नात बी लई हुशार, पन बोलंनाशी झालीय. त्या बाईंचा पत्ता देती का? कुनाला सांगू नको."

राजनंदिनी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, यात लपवायचं काय? शनिवारी सकाळी नातीला घेऊन या. सोबतच जाऊ."

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी हुशार मुलगी गप्प झाली असेल, तर 'तुला काय कमी आहे' असे तिला विचारू नका. तिच्याजवळ बसा आणि ऐका. आणि पहिले दार बंद निघाले तर दुसरे वाजवा, तिसरे वाजवा. आता एका सीटवर चौघी मावणार नाहीत, म्हणून सुनीलने, कोणी न सांगता, शनिवारसाठी आपली मोटारसायकल पुसून ठेवली आहे. पण पुढे मीच असणार.